चार बिड्यांचं एक पान

दवनीवाडा गावात कादंबरीची खरी पारख कोणाला, असं कोणी विचारलं तर दुर्गेश्वरी लगेच शामकलामावशीचं नाव घेईल. आता मावशीला अक्षर येत नाही, ही गोष्ट वेगळी. सही करायची वेळ आली की ती अंगठा पुढे करते, आणि तोही ऐटीत.

दुपारची जेवणं उरकली की दुर्गेश्वरीच्या घरापुढच्या सपरीत चौघीजणी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायला बसतात. दुर्गेश्वरी दहावी शिकलेली, म्हणून ती वाचते. बाकीच्या तिच्या वाटणीच्या बिड्या वळून देतात. बारा वर्षं हे असंच चालू आहे. पुस्तकं तिचा नवरा भुपेंद्र गोंदियाच्या वाचनालयातून आणतो. तो स्वतः एक ओळ वाचत नाही. जाड दिसेल ते उचलतो, म्हणजे फेरे कमी पडतात.

वाचणं थांबलं की वाद सुरू. चौघींतल्या सुशीलाबाईंना शेवट गोड लागतो. नायिका रडत राहिली तर त्या थेट लेखकाचा उद्धार करतात. मावशीचं मत एकच. "कोन काय बोललं ते सोड. कोन काय करून गेलं ते पाय."

तीन वर्षांपूर्वी एक कादंबरी आली. तिच्यातला नवरा शहरात कामाला जातो तो परतत नाही, आणि बायको वाट पाहत बसते. ती वाचताना सपरीत कोणी वर पाहत नव्हतं, कारण मावशीचा नवरा उदाराम बावीस वर्षांपूर्वी रायपूरकडे राईस मिलच्या कामाला म्हणून गेला, तो गेलाच. मावशी आजही कुंकू लावते. शेवटच्या प्रकरणात दुर्गेश्वरीची नजर तोंडाच्या पुढे धावली आणि शेवट तिला आधीच दिसला. नायिका शहरात जाते, नवऱ्याला दुसऱ्या संसारात पाहते आणि एक शब्द न बोलता माघारी फिरते. समोर मावशी बिडीला दोरा गुंडाळत होती. दुर्गेश्वरीला वाचवेना. तिने भराभर पानं उलटली आणि मनानेच सांगून टाकलं, की दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते त्या दिवशी नवरा घरी आला आणि बायकोने काही न विचारता त्याच्या आंघोळीला पाणी तापवलं. सगळ्यांनी डोळे पुसले. मावशी एवढंच म्हणाली, "तो मानूस येनार नाई."

"अवो, आला ना! पुस्तकात लिवून आहे," सुशीलाबाई म्हणाल्या.

"असंल. पन तो येनारा नाई."

तेव्हापासून कुठल्याही कादंबरीवर वाद झाला तरी गाडी फिरून याच माणसावर येते. दुर्गेश्वरी मात्र घाईने पुढचं पान काढते.

आणि यंदा भुपेंद्रने तीच कादंबरी पुन्हा उचलून आणली. जाड होती ना! "आता फैसलाच होऊन जाऊ दे," सुशीलाबाई खुशीत म्हणाल्या. आपण काय रचून सांगितलं होतं, ते दुर्गेश्वरीलाच धड आठवत नव्हतं. पण भीती त्याची नव्हती. आपण मावशीची कीव केली हे मावशीला कळेल, याची होती. गरिबी, दुखणं, लोकांची बोलणी, सगळं मावशीने सोसलं. कीव तिने कधी कोणाची घेतली नाही. हे कळलं तर ती या सपरीची पायरी पुन्हा चढणार नाही, असं दुर्गेश्वरीला वाटत होतं.

नऊ दुपारी वाचन चाललं. दहाव्या दुपारी शेवटच्या प्रकरणाशी ती अडली. "घसा धरला. उद्या वाचू."

मावशीने कैची खाली ठेवली.

"दुर्गा, एका पानाले माह्या चार बिड्या होतात. कधी कमीजास्त नाई. त्या रोजी शेवटचे अकरा पानं तू दहा बिड्यांत वाचले. आता जसं लिवून आहे तसं वाच."

सपरीत सगळे हात थांबले. दुर्गेश्वरीला वर पाहवेना. "तुले तवाच समजलं होतं? मंग बोलली काऊन नाई?"

"बिड्या त मागून मोजल्या, समजलं त्याच्या आधीच. पुस्तकातला तो मानूस जायच्या आधी काय करून राहिला ते पाय ना. कुंपन बांधलं, कंदिलाची काच पुसली, विळ्याले धार लावली. ज्याले परत यायचं असते, तो कामं अर्धी टाकून जाते." मावशीने नवा तेंदूपत्ता कापायला घेतला. "आमच्या मानसानं बी जायच्या आधी अख्ख्या छपराचे कवेलू फेरले होते."

दुर्गेश्वरीने मागची पानं उलटली. कुंपण होतं, कंदील होता, विळा होता. या ओळी तिने दोन वेळा मोठ्याने वाचल्या होत्या आणि एकदाही तिला त्या दिसल्या नव्हत्या. लेखकाने जपून पेरलेलं या अंगठेबहाद्दर बाईने बिड्या वळता वळता उचललं होतं. आणि गाव समजत होतं, बिचारी अजून वाट पाहते. ती कोणाचीच वाट पाहत नव्हती. दुर्गेश्वरीला उठून तिचे पाय धरावेसे वाटले.

तिने अकरा पानं वाचली, एक शब्द न गाळता. मावशीचे हात थांबले नाहीत. चव्वेचाळीस बिड्या झाल्या.

"लिवनाऱ्याचं बरोबर आहे," मावशी म्हणाली. सुशीलाबाई आज लेखकाला काही बोलल्या नाहीत.

"मावशी, माह्यं चुकलं," दुर्गेश्वरी म्हणाली.

मावशीने मान वर केली नाही. दोरा गुंडाळता गुंडाळता ती अगदी पुस्तकी भाषेत बोलू लागली, "मंडईचा दिवस होता. दारात पावलं वाजली. तिने काही विचारलं नाही. चुलीवर पाणी चढवलं, आणि त्याच्या पायांवरची धूळ पाहून आणखी एक लाकूड आत सरकवलं."

ती वाक्यं दुर्गेश्वरीची होती. लाकडाचं तर ती स्वतःही विसरून गेली होती.

"खोटं आहे, मालूम आहे मले," मावशी म्हणाली. "पन तीन वर्षांपासून चुलीवर पानी ठेवतानी रोज म्हन्तो मी."