नानांनी आणलेलं स्थळ

माझ्या वडिलांना ज्या माणसाची सगळ्यात जास्त गरज होती, त्याला मी दारातून परत पाठवलं. दोनदा.

आज नानांचा स्मृतिदिन. दरवर्षी फोटो टाकून मोकळी होते. या वर्षी तेवढ्यावर भागत नाहीये.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, क्रॉनिक ल्युकेमिया निघाला. रक्ताचा कॅन्सर, सावकाश चालणारा.

घरात ठरलं, आबांना सांगायचं नाही. 'रक्तात थोडा दोष आहे' एवढंच म्हणायचं.

ठरवलं काकांनी. पण मान मीही डोलावली. आणि रिपोर्ट वाचता येणारी घरात मी एकटीच होते.

रिपोर्ट आणायला मी जळगावला जायचे. तिथे लॅबच्या बाकड्यावर नाना भेटले. धुळ्याच्या एका शाळेत प्रयोगशाळेत शिपाई, बोलणं अहिराणी. त्यांनाही क्रॉनिक ल्युकेमियाच, सात वर्षांपासून.

बुटाच्या नाडीने बांधलेली फाईल मांडीवर असायची. सगळ्यात जुना रिपोर्ट तळाशी, आजचा वर. नवीन पेशंट दिसला की नाडी सोडून तळाचा रिपोर्ट दाखवायचे.

"देख, हाऊ पहिला. आते मी तुनासमोर बठेल शे ना?"

बस्स. एवढंच. समोरच्याचा चेहरा बदलायचा, मी पाहिलंय.

मी विचारलं, आमच्या घरी याल का? पण आबांना आजाराचं नाव माहीत नाही.

"मंग मी कोन म्हनीसन येऊ?"

मी सुचवलं, माझ्यासाठी स्थळ घेऊन आलात असं सांगा. लग्नाच्या वयाची मुलगी असलेल्या घरात अनोळखी माणूस आणखी कशासाठी येणार?

नाना आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल. मी पोहे दिले. काका शेजारीच बसलेले, त्यांना हे खरंच स्थळ वाटलं.

आबांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

"शाळामा शे. लॅबमा."

"वय?"

"जरा जास्तच शे, भाऊ."

"तब्येत?"

नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "रक्तमा भानगड शे. सात वरीस झायात. पन नोकरी करस, सायकल चालाडस. समदास्नं असंच ऱ्हास, असं मी म्हनाव नही."

काका उसळले. "आजारी पोरगा? आमची पोरगी काय रस्त्यावर पडलीय?"

"थांब रे," आबा म्हणाले. "मला विचारू दे."

मग आबा विचारत राहिले. मुलाला घाम येतो का? डाव्या बरगडीखाली जड वाटतं का? दोन घास खाल्ले की पोट भरतं का?

"सुरुवातले बनियन बदलना पडे. आनि पट्टा आवळाना नही, भाऊ. पायजमा बरा."

शेवटी आबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"आणि भीती वाटली की काय करतो तो?"

"ते पुढला टाईमले सांगसू. आज पोरगी जवळ उभी शे."

दुसऱ्या दिवसापासून आबांनी पँट-पट्टा सोडून घरात पायजमा घालायला सुरुवात केली.

त्या दिवशीची माझी डायरी आजही आहे. लिहिलंय, 'आबा खुशीत. स्थळाबद्दल किती बारीक चौकशी केली!'

मला खरंच कळलं नव्हतं? की डायरीतही मी काकांचंच ऐकत होते? कितीदा वाचलं ते पान. ठरवता येत नाही.

काकांनी चौकशी केली, नाना कोण ते निघालंच. "पुन्हा तो माणूस या घरात नको. आबांना कळलं तर खचतील."

नाना पुढच्या महिन्यात आले. मी दार अर्धंच उघडलं. म्हटलं, आबा झोपलेत.

आबा जागे होते. आतून त्यांच्या खोकल्याचा आवाज आला. नानांनीही ऐकला.

त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा आले. तेव्हा खरं सांगितलं, काका नको म्हणतात, आबांना कळेल.

"तुना बापले समदं माहीत शे, पोरी. तुमले आयकानं नही, इतलंच."

आणि फाईल काखेत मारून स्टँडकडे गेले. धुळे काही जवळ नाही. त्यांचाही त्या दिवशी पांढऱ्या पेशींचा काउंट वाढलेला असेल, हे मी विचारलंसुद्धा नाही.

आबा अधूनमधून विचारायचे, "त्या स्थळाचं काय झालं गं?"

एकदा मी सांगून टाकलं, "त्यांच्याकडून नकार आला."

आबा म्हणाले, "असं करणार नाही तो माणूस. पुन्हा एकदा विचारून बघ."

मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी आबा गेले. शेवटपर्यंत आम्ही सगळे 'दोष' म्हणत राहिलो, आणि तेही आमच्यासाठी 'दोष' म्हणत राहिले.

दहाव्यानंतर नाना आले. या वेळी फाईल नव्हती. उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारलं, "आज येऊ का मझार?"

आत आले, चहा घेतला. मी विचारलं, नाना, भीती वाटली की तुम्ही काय करायचात?

"तो जवाब तुना बापसाठे व्हता."

रागावले नव्हते. म्हणूनच जास्त लागलं. पुढे ते असेपर्यंत मी पुन्हा विचारू शकले नाही.

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा मेसेज आला. तिच्या वडिलांना हेच निघालंय. 'कुणा जुन्या पेशंटशी त्यांचं बोलणं करून दे ना. फक्त आजाराचं नाव काढू नका म्हणावं. बाबांना सांगितलेलं नाहीये.'

डोकं फिरलं माझं. औषधं किती पुढे गेली, आणि आपण अजून दार अर्धंच उघडतोय. रागाच्या भरात भलतंच लिहिलं. मग खोडलं. तिला बोलणारी मी कोण?

शेवटी हे सगळं लिहिलं, आधी तिला पाठवलं. आता इथे.

आबा, नकार नानांकडून नव्हता. माझ्याकडून होता.

नाना, तुम्हाला नमस्कार. या वेळी दार पूर्ण उघडून.