नातीच्या गाण्याचं कव्हर

उद्या माझ्या नातीचं, राणीचं, पहिलं गाणं यायचं हाय. आज सकाळी तिनं मोबाईलवर त्याचं कव्हर, म्हंजी गाण्यावर लावायचा फोटो, दाखवला. दिवाळी पाडव्याला सजवलेल्या आमच्या म्हशीजवळ उभी हाय. शिंगं रंगवलेली, तेल लावून म्हस काळीभोर चकाकतेय. आणि राणी पिठाच्या डब्यात पडल्यागत पांढरी!

"ही कोण गं?"

"आज्जी, मीच की! फोटोवाल्यानं उजळ केलंय. सगळ्यांचं तसंच असतंय."

"मग म्हशीला का न्हाय केलं?"

"ती काळीच शोभतीया," म्हणाली आणि फोटोतलं आपलं तोंड मोठं करून बघाया लागली.

तवापासनं फोन धरून बसलीय, फोटोवाल्याला बदला म्हणायला धजत न्हाय. मलाबी एका जागी बसवंना.

बायांनो, उद्या अख्खी पेठ म्हशीला वळखंल. माझ्या पोरीला कोण वळखणार? मीच लावू का त्याला फोन?