अनोखीबाईंच्या मोटारीचा पंखा

तळोद्यात लोटन मिस्त्रीला न ओळखणारा माणूस एक तर परगावचा असायचा, नाहीतर त्याच्याकडे बिघडण्यासारखं काही नसायचं. भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात डब्यांचे पंखे आणि दिवे दुरुस्त करून तो गावी परतला होता. मोटारीची बॅटरी, गिरणीचं इंजिन, शिवणयंत्र, काहीही त्याच्यापुढे आणा. हात लावण्याआधी तो कान लावायचा, मग बिघाडाशी बोलत बसायचा. त्याची बायको सुगंधाबाई म्हणायची, एवढं माझ्याशी बोलला असता तर संसार सोन्याचा झाला असता. बिघाड सापडला आणि तरी दुरुस्ती करता आली नाही, असं त्याच्या आयुष्यात एकदाच झालं. ते मी पाहिलं, कारण आमची ओसरी कांतीलाल शेठच्या अंगणाला लागून होती.

कांतीलाल शेठ कापडाचे व्यापारी, मूळचे मारवाडातले जैन. त्यांची आई अनोखीबाई थकली होती आणि तिला मरण्याआधी पालीताण्याला जाऊन आदेश्वर दादाचं दर्शन घ्यायचं होतं. पण म्हातारीचे नेम कडक. पाणी तिच्या गाळण्यातून गाळलेलं आणि उकळलेलं, स्वयंपाक घरचा, सूर्य मावळला की तोंड बंद. आगगाडीत हे जमेना. म्हणून शेठनी लष्कराच्या लिलावातली जुनी ॲम्ब्युलन्स घेतली आणि तिचं चाकांवरचं घरच करून टाकलं. आत खाट, चूल, पाण्याचे हंडे, सगळं. राहता राहिली उन्हाची गोष्ट. आदल्या उन्हाळ्यात अनोखीबाई दोनदा घेरी येऊन पडल्या होत्या, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की गारवा असेल तरच प्रवास, नाहीतर छातीला झेपणार नाही.

गारव्याचं काम लोटनचं. त्याने भुसावळला साहेब लोकांच्या डब्यावर पाहिलं होतं तसं एक खोकं मोटारीच्या छतावर बसवलं. तीन बाजूंना वाळ्याचे पडदे, वर पाण्याची टाकी, त्यातून पडद्यांवर ठिबकणारं पाणी आणि मध्ये बॅटरीवर चालणारा पंखा. ओल्या वाळ्यातून आलेली हवा छताच्या भोकातून आत, थेट खाटेवर. माघात चालवून पाहिलं तेव्हा अनोखीबाईंनी शाल मागितली. लोटन त्या दिवशी गावात असा फिरत होता की जणू हिमालय त्यानेच आणला.

मग शेठच्या घरी लग्न निघालं, जाणं लांबलं आणि मोटार निंबाखाली उभी राहिली. जेठ लागला तेव्हा घाई सुरू झाली. आषाढात चातुर्मास बसला की डोंगरावरची यात्रा बंद, ती थेट कार्तिकी पौर्णिमेपर्यंत. आणि अनोखीबाई कार्तिक पाहतील असं कुणालाच वाटत नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही.

निघायच्या आदल्या दिवशी पंखा लावला तर फिरेना. लोटन आला. बॅटरी पाहिली, ती भरलेली. फ्यूज उडाला होता, नवा घातला, तोही उडाला. म्हणजे पंख्याला काहीतरी अडतंय, तो स्वतःशीच म्हणाला. वर चढून त्याने खोक्याचं झाकण उघडलं आणि तसाच बसून राहिला. वाळ्याच्या पडद्याला कडेने फट पडली होती. तिथून शिरून चिमणीने पंख्याच्या पात्यांत घरटं केलं होतं, आणि त्यात अंड्यातून नुकतीच निघालेली, उघडीनागडी तीन पिल्लं होती.

दोन मिनिटांचं काम. पण खाली अंगणात खाटेवर अनोखीबाई होत्या, त्यांनी विचारलं, आणि लोटनने जे होतं ते सांगून टाकलं. संपलं. पिल्लं उडेपर्यंत पंख्याला हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. कांतीलाल म्हणाले, घरटं अलगद निंबावर ठेवू. म्हातारी म्हणाली, माणसाचा हात लागला की चिमणी पिल्लाला जवळ करत नाही, टोचून मारते. आमच्याकडे सगळेच असं मानतात, मीही मानायचो, तेव्हा बोलणार कोण? लोटनने छताला दुसरं भोक पाडून दुसरा पंखा बसवायचं सुचवलं. तर म्हातारी म्हणे, ठोकाठोकीने पिल्लं भेदरतील. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून पाहिले, पण ॲम्ब्युलन्सच्या खिडक्या त्या केवढ्या, आत भट्टीच राहिली. डॉक्टरांनी नकाराची मान हलवली. शेठनी एकदा लोटनला बाजूला घेऊन हात जोडले की दुपारी माजी, म्हणजे आई, झोपल्यावर काढून टाक, मी पाहिलं नाही असं समज. लोटन वर चढला, झाकण उघडलं, आणि तसाच खाली उतरला. मला त्याचा रागच आला होता. एका म्हातारीची शेवटची इच्छा आणि तीन चिमण्या, यात तोलायचं काय एवढं? पण वर मी चढलो नव्हतो.

त्यानंतर लोटन रोज सकाळी येई. दुसरं काम नव्हतंच. वर चढून पाहायचं आणि खाली येऊन सांगायचं. अनोखीबाई विचारायच्या, डोळे उघडले का, पंख फुटले का. त्या दिवसागणिक खंगत होत्या आणि पिल्लं आपल्या वेळेने वाढत होती. कुणाच्याच हातात काही नव्हतं.

एका सकाळी म्हातारीला खाटेवर उठून बसताही येईना. आवाज पार आत गेलेला. तिने विचारलं, "लोटन, उडी गयात का रे?"

पिल्लं उडाली नव्हती. पण ते डोळे पाहून लोटनच्या तोंडून निघून गेलं, "उडी गयात, माजी. तिन्ही."

त्याला वाटलं, बिचारी समाधानाने पडून राहील. पुढचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. अनोखीबाई म्हणाल्या, मग मला मोटारीत न्या, पंखा लावा, आजच निघू. कांतीलाल शेठना हर्षाने काही सुचेना. गाठोडी भरली गेली, हंडे चढले, चौघांनी म्हातारीला उचलून मोटारीतल्या खाटेवर ठेवलं. टाकीत पाणी भरलं. लोटन छतावर उकिडवा बसला होता, एका हातात एक तार, दुसऱ्यात दुसरी. जोडली आणि पातं जरा जरी हललं तर पिल्लं जातील, न जोडली तर म्हातारीला कळेल. इकडे आड, तिकडे विहीर. शेठ खालून पुन्हा पुन्हा लाव म्हणत होते. लोटन हलेना. मला ओसरीवरून त्याचा चेहरा दिसत होता, आणि तो मला बघवेना.

तेवढ्यात चिमणी चारा घेऊन आली आणि खोक्यात एकच कलकलाट झाला. छताच्या भोकातून तो सरळ खाटेवर उतरला.

अनोखीबाई वर पाहत होत्या. रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "लोटन, खाले उतर बाबा. भ्यावाडू नको त्यासले." मग लेकाकडे वळून म्हणाल्या, "कांती, गाठोडी सोड."

कांतीलाल शेठ मोटारीच्या पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. लोटन उतरून त्यांच्याजवळ उभा राहिला. अनोखीबाई त्याच आठवड्यात गेल्या.

पिल्लं उडाली तेव्हा घरात सुतक होतं. लोटन आला, कुणाला न विचारता वर चढला, काड्या काढल्या, तारा जोडल्या. पंखा पहिल्या झटक्याला फिरला. मी जाऊन मोटारीत डोकावलो. आत चांगलाच गारवा झाला होता.