मुलींच्या रांगेत

शाळेच्या दाखल्यावर मी मुलगा आहे. मी मुलगी आहे हे मला सातवीपासून ठाऊक, घरच्यांना अकरावीपासून. बारावीच्या सराव परीक्षेला कॉपी तपासायला गेटवर दोन रांगा लावल्या आणि मला मुलांच्या रांगेत ढकललं. शिपायानं खिसे चाचपता चाचपता टोमणा मारला, मागची पोरं फिदीफिदी हसली. मी पेपर न देताच भूमच्या एसटी स्टँडवर येऊन बसले. बोर्डालाही हेच होणार असेल तर शिक्षण गेलं खड्ड्यात, असं घरी सांगून टाकलं. रागाच्या भरात स्वतःचंच नुकसान करून घेण्यात मी पटाईत आहे.

माझ्या बेंचवरची मैत्रीण माझ्याहून हट्टी. तिनं वर्गातल्या चारपाच जणांना गोळा करून प्राचार्यांना अर्ज लिहिला. ही ट्रान्स मुलगी आहे, तिला मुलींच्या रांगेत उभं राहू द्या, मॅडम तपासतील. प्राचार्य म्हणाले, मुली तक्रार करतील. मैत्रीण म्हणाली, मग मुलींनाच विचारते. आठवडाभर मधल्या सुट्टीत ती पलटण सह्यांसाठी वर्गावर्गात फिरली. काहींनी सही केली, काहींनी घरी विचारून सांगते म्हणत टाळलं. गेटवर हसलेल्यांपैकी एक मुलगाही मान खाली घालून सही करायला आला. मी त्याला माफ केलं नाही, पण सही घेतली.

प्राचार्यांनी सगळ्या सह्या बोट ठेवून वाचल्या आणि मला बोर्डाच्या पेपरला मुलींच्या रांगेत थांब म्हणाले.

बोर्डाच्या पहिल्या पेपरच्या सकाळी मी मुलींच्या रांगेत उभी राहिले. पुढचीनं नुसतं वळून बघितलं तरी पळून जावंसं वाटे. मैत्रीण मागून हळूच म्हणाली, "तू माघारी गेलीस तर म्या बी पेपर देत न्हाय." ती खरंच तसं करणारी होती, म्हणून मी थांबले.

तपासायला दुसऱ्या कॉलेजच्या मॅडम होत्या, भलत्याच कडक. त्यांनी माझ्या बाह्या पाहिल्या, लिहायचं पॅड पाहिलं, कंपास उपडी केली. मग मी कसाबसा बांधलेला बुचडा त्यांना दिसला.

"ते सोड. तुम्ही पोरी बुचड्यात चिठ्ठ्या खुपसता, मला सगळं ठाऊक आहे."

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर पोरींवर घेतात तसला संशय घेतला होता. मला इतका आनंद झाला की केस सोडताना हसू आवरेना. मॅडमनी केसांतून हात फिरवला, काहीच मिळालं नाही, तशा त्या वैतागून म्हणाल्या, "हसतेस काय, जा आत."

मी आत गेले आणि पेपर लिहिला.