हाल्वरच्या इंजिनातलं कातडं

आमच्या नॉर्थ डकोटात कुणाच्या जुन्या गाडीचं इंजिन कोड्यात टाकायला लागलं, की ते व्हर्लिन ट्वेटनकडे येतं. व्हर्लिन आधी कॉफी घेतो, लेफ्सा म्हणजे बटाट्याची नॉर्वेजियन पोळी खातो, गाडी आणणाऱ्याचा अंत पाहतो. मग आत डोकं घालून आधीच्या मालकाचे उपद्व्याप वाचून दाखवतो. "ही स्प्रिंग धुण्याच्या यंत्राची. बायकोला न विचारता काढलेली दिसते." त्याच्याइतका चेंगट माणूस मी पाहिला नाही, आणि त्याच्याशिवाय माझा दिवस जात नाही.

गेल्या वसंतात सोल्वेग रुस्टादनं बापाची जुनी मॉडेल टी फोर्ड त्याच्या दारात आणून टाकली. "हे धूड मोडून काय हवं ते काढून घे. मला त्याचं तोंड बघायचं नाही."

कारण गावाला ठाऊक होतं. सत्तर वर्षांपूर्वी, जानेवारीत, तिचा बाप हाल्वर सायीचे डबे घेऊन गावात गेला, आणि मागे सोल्वेगला जन्म देताना तिची आई गेली. हाल्वर घरी पोचला दुसऱ्या दिवशी दुपारी. सोल्वेगला वाढवलं मावशीनं, आणि 'तुझा बाप अड्ड्यावर पिऊन पडला होता' हेही शिकवलं. हाल्वरनं जन्मात कधी नाही म्हटलं नाही. ती गाडी मात्र त्यानं पुन्हा सुरू केली नाही.

व्हर्लिन गाडीखाली शिरून खालचं झाकण काढत होता. मध्येच पान्याची खडखड थांबली.

"झोपलास का रे?" मी विचारलं.

"सोल्वेगला बोलाव," तो आतूनच म्हणाला.

ती आली ती तणतणतच. "काय सापडलं? बाटली?"

व्हर्लिननं बाकावर कातड्याचा एक काळा तुकडा ठेवला. "बेअरिंग गेलं की इंजिन ठोके देतं. मग कंबरेचा पट्टा कापून तिथं घालायचा आणि चालत्या माणसाच्या वेगानं घर गाठायचं. चार-पाच मैल टिकतो."

"आमचं घर वीस मैल लांब."

"म्हणून तर बोलावलं." त्यानं तेलाच्या तळातून निघालेले जळके तुकडे शेजारी मांडले. "हे आधीचे. जळले तसे बदलले. दर वेळी बर्फात आडवं पडून, तेल अंगावर घेऊन, अंधारात चाचपत. प्यालेल्याचं हे काम नाही, सोल्वेग. पट्टा संपल्यावर हा शेवटचा. ही बुटाच्या नाडीखालची जीभ आहे."

"मग मला बोलला का नाही कधी?"

व्हर्लिन फडक्यानं हात पुसत राहिला. मला हाल्वरचा मनस्वी राग आला, आणि रडूही आलं.

सोल्वेगनं तो तुकडा उचलून तळहातावर धरला.

"त्याच्या एका पायाची बोटं त्या रात्री गोठून झडली होती," ती म्हणाली. "मावशी म्हणायची, प्यायलेला होता, म्हणून कळलं नाही."