हरणाबाईनं रानात मीठ टाकलं

हरणाबाईवर कुणाचा हेवा करायची पाळी कधी आली नव्हती. लोकांनी तिचा करावा, अशीच रीत होती. वाटणीत वरच्या अंगाचं काळं रान तिच्याकडं आलं, खालचा पट्टा धाकट्या जावेला, धोंडुबाईला. वर ऊस दोन पुरुष उंच जायचा. खाली दरसाल थोडं थोडं मीठ फुटत गेलं, आता उन्हाळ्यात तिथं चुना सांडल्यागत दिसायचं. बांधावरनं जाताना हरणाबाई मुद्दाम हळू चालायची.

तर त्याच पट्ट्यात औंदा सांगलीच्या कॉलेजातली अंकिता आली. मिठात जगणारे जिवाणू शोधत होती. माती बाटल्यांत भरली, फोटो काढले, बांधावर पाटी रोवली : 'धोंडुबाई यांचे क्षेत्र. अभ्यास चालू आहे.' वर धोंडुबाईच्या चुलीपुढं बसून पिठलं-भाकरीही खाल्ली.

"पांढऱ्या फटक रानाला पाटी!" हरणाबाई नवऱ्याला म्हणाली. "आपल्या उसाकडं मान वळवून बगितलं न्हाई तिनं."

लालासाहेब फौजेतनं सुभेदार होऊन आलेले. म्हणाले, "आगं, तिच्या रानाला रोग हाय म्हनून डाक्टर आलीया."

"मग मलाबी डाक्टर पायजे."

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानातनं जाड्या मिठाची चार पोती आणली.

"लोणच्याला एवढं?" दुकानदारानं विचारलं.

"पावनं लय हायत."

चारी पोती तिनं उसाच्या एका कोपऱ्यात विसकटली आणि वर पाणी सोडलं. पंधरवड्यात तिथल्या उसाची पानं शेंड्याकडनं करपली. हरणाबाईला पीक बघूनही कधी इतका हरीक वाटला नव्हता.

"पोरी, आमच्यातबी फुटलंय मीठ. ने की माती."

अंकितानं नेली. आठवड्यानं परत आली ती काचेच्या दोन बशा घेऊनच. दोघी जावांना बांधावर बसवून तिनं त्या न उघडता वरनंच दाखवल्या. धोंडुबाईच्या बशीत गुलाबी, पिवळे ठिपके उठले होते, मोहरी सांडल्यागत. हरणाबाईची बशी कोरी.

"मावशी, तुमच्या मातीत मीठ भरपूर आहे. मिठात जगणारं कुणी नाही."

"का न्हाई? मीठ तेच की!"

"कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना? साध्या जिवाणूचं तसंच होतं. अंगातलं पाणी जातं, मरतो. काकूंच्या पट्ट्यात मीठ हळूहळू वाढलं. असंख्य मेले. पण एखाद्याच्या जनुकात, म्हणजे पिढीजात घडणीत, चुकून काही बदल झालेला असतो. त्याला पाणी धरून ठेवता येतं. तो वाचतो, त्याचीच पैदास वाढते. शिवाय ही जनुकं ते एकमेकांना देतातही, शेजारणीकडनं विरजण आणावं तशी. चार पोत्यांनी ते होत नाही."

पोत्यांचा आकडा ऐकून धोंडुबाईनं पदर तोंडाला लावला. दुकानदार गावातलाच होता.

अंकितानं वही उघडली. "काकू, इथं मीठ कशानं आलं, किती वर्षांत?"

"देवाला ठावं," धोंडुबाई म्हणाली आणि जावेकडं बघत राहिली. वरनं मोटार बंद न करता सोडलेलं पाणी झिरपून खाली मीठ आलं, हे गावाला माहीत होतं. दोनदा पंच बसले होते. दोन्ही वेळी हरणाबाईनं देवाचा भंडारा उचलून शपथेवर सांगितलं होतं, 'माजा एक थेंब खाली जात न्हाई.'

अंकितानं मान खाली घालून लिहायला घेतलं, 'धोंडुबाई'. ते बघितलं आणि हरणाबाईचा तोल गेला.

"माज्या पान्यानं आलं!" ती उठलीच. "बावीस वर्सं सोडलंय म्या. दिस बगितला न्हाई, रात बगितली न्हाई. तवा कुटं हितं मीठ फुटलं! हिनं काय केलं? नुसती बसून ऱ्हायली. ते जिवानू माजं हायत!"

अंकिताचा पेन थांबला. धोंडुबाईनं पदर खाली घेतला. तोंडावर हसू नव्हतं.

"लिही गं पोरी," ती म्हणाली. "आक्का म्हनली तसंच लिही. तारीकबी घाल."

"घाल की," हरणाबाई म्हणाली. "आन माजं नाव आदी घाल. मी थोरली हाय."