बोरन्हाणात लुटले गेलेले माझे जपानी वीर

मैत्रिणींनो, आठवतं का, कॉन्व्हेंटच्या मधल्या सुट्टीत आपण बाकांवर चढून टीव्हीवरच्या जपानी वीरांसारखे हात उगारायचो आणि सिस्टर आल्या की पटापट खाली उड्या मारायचो?

तेच वीर मी पुढे वीस वर्षं जमवले. बोटभर उंचीचे, मुखवटेवाले, हात-पाय वळणारे प्लास्टिकचे पुतळे.

आज दुपारी धाकट्या जावेच्या नातवाचं बोरन्हाण होतं. मी आत तिळाच्या वड्या थापत होते. गलका ऐकून बाहेर आले, तर बाळाच्या डोक्यावरून बोरं-चुरमुऱ्यांबरोबर माझे वीर ओतले जात होते आणि पोरं ते लुटत होती.

"अहो ताई, कपाटात धूळच खात होते ना?" जाऊ हसली. "या वयात तुम्ही थोड्याच खेळणार आहात? आणि बोरन्हाणात लुटलेलं परत मागत नाहीत हं."

शेजारीण म्हणाली, "आमच्या पिंकीला चार घावले. लई भारी हायेत!"

नंतर सोफ्याखाली एक तुटका हात तेवढा मिळाला.

माझ्या पाटल्या कोणाला जाणार, हे या घरात तीनदा विचारून झालंय. वीरांबद्दल एका शब्दानं कोणी विचारलं नाही.

म्हणून आजच या ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहून ठेवते. माझ्यामागे पाटल्या जावेला द्या. पुस्तकं शाळेला. उशाशी होता म्हणून वाचलेला लाल मुखवट्याचा वीर आपल्या वर्गातल्या तिसगावच्या नीलूला, कारण त्याला कधीच खेळणं न म्हणणारी तीच एक.

नीलू, माझ्या जाण्याची वाट पाहू नकोस. उद्याच येऊन घेऊन जा.